डोळ्यावरची वाटी

किस्से जमवायला मी काही बसले नव्हते. एकाच खोलीत वर्षानुवर्षं बसलं की ते आपोआप साचतात, आणि आमची खोली तर दहा बाय दहाची, खिडकी एक. माझी मैत्रीण म्हणते, "तुझे किस्से ऐकून हसले तर पाप लागेल असं वाटतं गं." मग नको हसूस. ऐक नुसती.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बारामतीत, एसटी स्टँडवरून चालत यावं इतक्या अंतरावर आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल. दर शुक्रवारी इंदापूरला ओपीडी, भाड्याच्या दोन खोल्यांत. डॉक्टरांना सगळे साहेब म्हणायचे. हुशार माणूस, हाताला गुण, आणि तोंड असं की पेशंटच्या आधी पेशंटचे नातेवाईक रडायचे. मी त्यांच्याकडं लेन्स बसवायचे.

मुली लग्न ठरायच्या आधी चष्मा लपवायला घेतात, त्या लेन्स नव्हेत. त्याही बसवायचे, पण त्यात कसला किस्सा? ही लेन्स वेगळी. मोठी, खोलगट, कडक प्लॅस्टिकची. बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणारी. तिच्यात सलाईन काठोकाठ भरायचं आणि भरलेली तशीच डोळ्यावर बसवायची, म्हणजे बुबुळ दिवसभर पाण्याखाली. एखाद्या ऑपरेशननंतर ज्यांचा डोळा कोरडाठाक पडलाय, थेंब टाकून टाकून दमलेत, त्यांच्यासाठी. बुबुळ वाळलं की पांढरं पडतं आणि पांढरं पडलं की दिसत नाही. शास्त्र एवढंच.

पेशंट तिला लेन्स म्हणायचेच नाहीत. वाटी म्हणायचे. साहेब चिडायचे, "मद्रासला जाऊन मी वाट्या बसवायला शिकलो काय!" आणि दुसऱ्या मिनिटाला मला आवाज द्यायचे, "ताई, त्या मोरगावच्या वाटीचं काय झालं?"

*

वाटी करायची तर आधी डोळ्याचा साचा घ्यावा लागायचा. आमच्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. ते कवळीचं माप ज्या गुलाबी पेस्टनं घेतात, तीच पेस्ट आम्ही मागून आणायचो. थेंब टाकून डोळा बधिर करायचा, पेस्ट बसवायची, घट्ट झाली की अलगद काढायची आणि तिच्यात प्लॅस्टर ओतायचं. झाला डोळा तयार! हे पांढरे डोळे खिडकीत वाळत ठेवायचे. खाली चिठ्ठी: नाव, गाव, डावा की उजवा. वाळले की मुंबईच्या एका कारागिराकडं जायचे आणि तिकडून वाटी यायची.

एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेले एक म्हातारबा चुकून माझ्या खोलीत शिरले. खिडकीत ओळीनं डोळे, प्रत्येकाखाली नाव. उभ्या उभ्या घाम फुटला त्यांना. मी म्हटलं, बसा ना. तर म्हणाले, एका डोळ्यानं झ्याक दिसतंय मला, दुसऱ्याची काय गरज न्हाय. आणि जे निघाले ते थेट स्टँडवर.

पोरानं समजूत घालून परत आणलं. साहेबांनी स्वतः त्यांना प्लॅस्टर दाखवलं, दातवाल्याची पेस्ट दाखवली, सगळं समजावलं. म्हातारबांनी मान हलवली. ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाल्यावर मात्र साहेबांचा हात धरून हळूच म्हणाले, "सायेब, चिठ्ठी नीट लावा. माझा मलाच परत द्या."

*

हसलीस ना? आता पुढचा ऐक.

निमगाव केतकीचा एक गडी होता, चाळिशीचा, पेरूची बाग. पापणीवर गाठ आली होती, ती काढली. गाठ वाईट होती म्हणून पापणीचा बराच भाग गेला. डोळा मिटायचा पण पुरता नाही, बुबुळाची खालची पट्टी उघडीच राहायची. तीच वाळायला लागली. वाटी बसवली, एकदम आराम पडला. जाताना सलाईनच्या बाटल्या दिल्या आणि मी दहा वेळा सांगितलं, वाटीत फक्त हेच पाणी. दुसरं कुठलंही नाही.

पुढच्या खेपेला आला तो डोळा धरूनच. डोळ्यातून पू. साहेबांनी टॉर्च मारला आणि ओरडले, "पाणी कुठलं वापरलंस?"

बोअरचं म्हणाला. गोड हाय. सगळी वस्ती पिते.

आणि सलाईन? सलाईन त्यानं आईला पाजलं होतं. आता हे त्याच्या बाजूनं बघ. आमच्या भागात सलाईन म्हणजे ताकद. अंगात कणकण असली, ऊस तोडून माणूस दमला, तरी डॉक्टरकडं जाऊन एक बाटली लावून घेतात. अशी आख्खी बाटली डोळ्यात घालून वाया घालवायची? तीही म्हातारी आई घरात अशक्त पडलेली असताना? त्यानं लेकाचं कर्तव्य केलं.

तो डोळा गेला. काही करता आलं नाही. जखम भरून आल्यावर शेवटचं दाखवायला तो आईला घेऊनच आला. म्हातारी चांगली तरतरीत होती. निघताना तिनं माझ्या टेबलावर पेरूची पिशवी ठेवली आणि विचारलं, "ताई, त्या पाण्याच्या बाटल्या आनखी मिळत्याल का? मला लई फरक पडला."

*

मोरगावचे एक निवृत्त गुरुजी होते. डोक्यातल्या ऑपरेशननंतर त्यांचाही डोळा कोरडा पडलेला. यांना एकदाच सांगितलं की पुरे, असा आमचा समज. सकाळी घालायची, संध्याकाळी काढून, धुऊन डबीत ठेवायची. रात्री डोळ्यात अजिबात नाही. या प्लॅस्टिकमधून हवा आत जात नाही, बुबुळ आतल्या आत गुदमरतं.

गुरुजींनी ठेवली की रात्रभर! का, तर घरात उंदीर झाला होता. साबणाची वडी नेली, तेलाची वात नेली, उद्या वाटी नेली तर? म्हणून सगळ्यांत सुरक्षित जागा कुठली, तर डोळा. पहाटे तो असा कळा मारायला लागला की गुरुजी लेंग्यावरच पहिल्या एसटीत बसून आले.

वाटी काढली. बुबुळ सुजून दुधी झालं होतं, पण वेळेत आले म्हणून निभावलं. साहेब त्यांना खूप बोलले, शिकलेला माणूस म्हणून जरा जास्तच बोलले. शेवटी म्हणाले, "दुखलं म्हणून वाचलात गुरुजी. दुखलं नसतं तर चार दिवस तसेच हिंडला असता आणि डोळा आतून कुजला असता."

गुरुजी म्हणाले, "उंदराचं काय करू, तेवढं सांगा."

*

आता पारूबाई.

पारूबाई पळसदेवच्या. मालक दगडूतात्या, उजनीच्या पाण्यात होडी घालून मासे धरायचे. पारूबाई ते मासे इंदापूरच्या बाजारात विकायच्या. पारूबाईंचा उजवा डोळा लहानपणी देवीच्या रोगात गेलेला. सगळा संसार डाव्यावर केला. आणि साठीच्या आसपास डाव्याच कानामागं, आत मेंदूजवळ, गाठ निघाली.

पुण्याला मोठं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला. पण गाठीनं ज्या नसा गिळल्या होत्या त्या काही वाचल्या नाहीत. डावा गाल ओघळला. डावी पापणी मिटेना. डोळ्यातलं पाणी आटलं. आणि डोळा इतका बधिर, की बुबुळावर कापसाची वात फिरवली तरी कळत नव्हतं. पदराचं टोक डोळ्यात जायचं आणि बाई आपल्या बोलतच राहायच्या.

साहेबांनी तपासलं. बुबुळावर पांढरी छटा आली होती. तात्यांना समोर बसवून ते म्हणाले, "पापणी शिवून टाकली तर डोळा वाचेल, पण दिसणार नाही. नाही शिवली तर दिसेल, पण डोळा वाचणार नाही."

बाकीच्यांना कुणाला पापणी शिवायला सांगितली तर त्यांचा एक डोळा तरी उरायचा. इथं शिवली की बाई आंधळी. तात्यांनी बोटांवर मोजलं. काटक, काळाकुट्ट माणूस, डोक्याला टॉवेल. मग म्हणाले, "ही दोन झाली. तिसरं काय हाय ते सांगा की."

तिसरं म्हणजे वाटी.

*

वाटी मुंबईहून आली त्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं बारामतीला आले. मी वाटी भरली, पारूबाईंचं डोकं एका हातानं पुढं वाकवलं आणि दुसऱ्या हातानं वाटी बसवली. एका दमात बसली, आत बुडबुडा नाही. मग त्यांना सावकाश सरळ केलं. इतके महिने धुरकट बघायची सवय झालेली. बाईंनी खिडकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग नवऱ्याकडं.

आम्ही सगळे वाट बघत होतो. साहेबसुद्धा दारात येऊन उभे होते, कौतुकाचं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.

पारूबाई म्हणाल्या, "आवो, सदरा उलटा घातलाय न्हवं तुमी."

खरंच उलटा होता! पळसदेवपासून बारामतीपर्यंत, एसटीत, स्टँडवर, आमच्याकडं रांगेत. आमच्यापैकी दोन्ही डोळे धड असलेल्या एकालाही दिसला नव्हता.

*

बसवली खरी, पण रोज कोण बसवणार? आपली आपण बसवायची तर मान पूर्ण खाली घालावी लागते, नजर जमिनीकडं. त्या ऑपरेशननंतर पारूबाईंनी मान खाली घातली की गरगरायचं. त्यांना कुणीतरी धरून ठेवणार आणि तोच दुसऱ्या हातानं वाटी बसवणार, असंच व्हायला हवं होतं. सून मंदा चांगली होती, पण डोळा उघडा बघितला की तिचे हात लटपटायचे. पोरगा ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर.

तात्या म्हणाले, मी शिकतो.

मी म्हटलं, माझ्या डोळ्यावर शिका. मी नवीन माणसाला असंच शिकवायचे, स्वतःच्या डोळ्यावर. तात्या दोन पावलं मागं सरकले. परक्या बाईच्या तोंडाला हात लावायचा म्हणजे त्यांच्या हिशेबी काहीतरी भयंकरच. पारूबाईंच्या डोळ्यावर शिकू द्यायला मी तयार नव्हते. तो एकच डोळा, आणि चुकून खरचटलं तरी बाईंना कळणार नाही.

मग कुणाच्या डोळ्यावर? तात्यांनी शांतपणे साहेबांकडं बघितलं.

आणि काय सांगू, साहेब बसले! आमचे साहेब, ज्यांच्या खुर्चीला हात लावायची कुणाची टाप नव्हती, ते मान खाली घालून स्टुलावर बसले आणि मासे धरणाऱ्या त्या जाड बोटांनी त्यांच्या डोळ्यात दुसरी जुनी वाटी घातली. एकदा पाणी सांडलं, एकदा बुडबुडा राहिला, एकदा वाटीची कड पापणीत रुतली. साहेब ओरडले. तात्यांनी ऐकून घेतलं आणि परत भरली. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी जमली तेव्हा साहेबांचा डोळा टोमॅटोसारखा लाल झाला होता.

काढायचं शिकायला वेळ लागला नाही. काढायला छोटा रबरी पंप असतो, मान तशीच खाली घालून तो दाबून वाटीला चिकटवायचा आणि कडेनं उचलायची. साहेब डोळा पुसत म्हणाले, "तात्या, रात्री काढायला विसरलात तर बघा. त्यांना दुखणार नाही, म्हणून त्या सांगणार नाहीत. तुम्हालाच ध्यानात ठेवायचंय."

तात्या म्हणाले, "सायेब, मी जाळं रात्री पान्यात ठिवून झोपतो, आन् पहाटं कुठं ठिवलं ते मला बराबर म्हाईत आसतं."

*

हा किस्सा मंदानं सांगितला. आत घरात उजेड नाही, म्हणून तात्या रोज सकाळी अंगणात पाट टाकून बायकोला बसवायचे. हात साबणानं धुवायचे, वाटी भरायची, मग एका हातानं तिची मान धरायची, अंगठ्यानं पापणी वर करायची आणि वाकून खालून वाटी लावायची. उभी गल्ली बघायची! साठीच्या म्हाताऱ्यानं दिवसाढवळ्या, चारचौघांत, बायकोचं तोंड हातात धरायचं म्हणजे काय! त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलायचे ते सुद्धा भिंतीकडं बघून. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पोरं बांधावर येऊन बसायची.

तात्यांचा थोरला भाऊ एक दिवस बोललाच. म्हणाला, ही काय थेरं लावलीत, आत जाऊन करा.

तात्यांचं बोट पापणीवर होतं. मान न वळवता म्हणाले, "आत आंधार हाय. हिला आंधार नको म्हनून तर चाललंय ह्ये."

 पुढं पुढं लोकांनी बघायचंही सोडलं. पारूबाई परत इंदापूरच्या बाजारात बसायला लागल्या. शुक्रवारी ओपीडीला यायच्या तेव्हा माझ्यासाठी एक चिलापी मासा कागदात गुंडाळून आणायच्या, आणि ओपीडीच्या खोलीला दिवसभर वास. त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं, पाण्याखाली गेलेलं जुनं देऊळ उघडं पडलं, तर तात्या त्यांना होडीतून तिकडं घेऊन गेले. शिखरावरचं नक्षीकाम किती बारीक आहे, हे बाईंनी मला निम्मी ओपीडी थांबवून सांगितलं. बाहेर रांग ओरडत होती.

*

एकदा तात्या एकटेच आले. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, फडकं रक्तानं भिजलेलं. जाळ्याची तार लागून अंगठा चांगलाच फाटला होता. आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल, तरी साहेबांनी स्वतः टाके घातले. दुखतंय का विचारलं, तर तात्या आपल्या डाव्या हाताकडं बघत होते. धनुर्वाताचं इंजेक्शन कुठं मिळेल ते सांगितलं, तिकडंही लक्ष नव्हतं.

सगळं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, डाव्या हातानं वाटी बशीवता येती का, तेवढं शिकवा. उद्या सकाळी लागंल."

त्या दिवशी साहेब पुन्हा स्टुलावर बसले. 

*

आणि हा शेवटचा. हा मी कुणाला फारसा सांगत नाही.

शुक्रवार होता. इंदापूरच्या ओपीडीत मंदा सासूला धरून घेऊन आली. पारूबाईंनी पदर नाकाच्या खालपर्यंत ओढलेला. मला वाटलं, उन्हाचा असेल. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, तात्या कुठं राहिले? मासे विकत बसले काय?

मंदानं सांगितलं. दहा दिवसांपूर्वी सकाळी तात्यांनी रोजच्यासारखी अंगणात वाटी बसवली. हात पुसले, पाण्यावर गेले. होडी सोडायला वाकले आणि काठावरच बसले. उठले नाहीत. लोकांनी उचलून आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. काल दहावा झाला, म्हणून आज बाहेर पडलो, म्हणाली.

 मला तात्यांचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी दुसरंही डोक्यात आलं. मी विचारलं, "मंदा, वाटी कुणी काढली?"

मंदानं सासूकडं बघितलं. म्हणाली, सासूबाईंनीच काढली असेल की. मी दोनदा विचारलं होतं. माझी मी बघते म्हणाल्या.

कशा बघणार होत्या? ज्या बाईला मान खाली घातली की गरगरतं ती कशी काढणार? आणि घरात कुणाच्या लक्षात कसं येणार? आमच्याकडं नवी विधवा कोपऱ्यात बसते, पदर पुढं ओढून. दहा दिवस तिच्या तोंडाकडं कुणी बघत नाही, बघू नये म्हणतात. बायका आल्या, गळ्यात पडल्या, रडून गेल्या. हिच्या डोळ्याला पाणी नाही म्हणून माघारी नावंही ठेवून गेल्या. पदर वर करून कुणी बघितलं नाही.

मी केला वर. वाटी डोळ्यातच होती.

साहेबांनी टॉर्च मारला. वाटीतलं पाणी गढूळ झालेलं, त्यामागं बुबुळ खडूसारखं पांढरं, कडेला पू. साहेब ओरडले नाहीत.  त्यांनी टॉर्च बंद केला आणि मला नुसती मान हलवून खूण केली, काढा.

मी ट्रे आणला, पंप घेतला. पारूबाईंच्या हनुवटीला हात लावला तशी त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. मला वाटलं, घाबरल्या. मी म्हटलं, बाई, दुखणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

"दुखायचं न्हाय ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "ताई, बांगड्या फोडल्या माझ्या. डोरलं काढलं. कुकू पुसलं. पायातली जोडवी सुदिक काढून घ्येतली. त्येंच्या हातचं, त्येंच्या नावाचं जे जे हुतं ते समदं बायकांनी काढलं. ह्ये कुणाला दिसलं न्हाय. ह्ये तेवढं ऱ्हाऊ द्या."

मंदा भिंतीला टेकून रडायला लागली. मी साहेबांकडं बघितलं. ते पुढं आले, पारूबाईंच्या समोर स्टुलावर बसले. अगदी खालच्या आवाजात म्हणाले, ही ठेवली तर विष मेंदूपर्यंत जाईल. काढावीच लागेल. दिसायची आशा असती तर पुढं परत बसवू म्हटलं असतं, आता दिसायचंही काही राहिलेलं नाही.

"त्ये मला त्येंच्या तिसऱ्याच्या दिवशीच कळलं हुतं," पारूबाई म्हणाल्या.

त्यांनी माझं मनगट सोडलं. मंदानं मागून त्यांना धरलं, मी डोकं पुढं वाकवलं.  पंप लावला, कडेनं उचलली. वाटी सुटली आणि आतलं पाणी ट्रेमध्ये पडलं. साहेबांनी डोळ्यात थेंब टाकले, पट्टी बांधायला घेतली. 

मी ट्रे घेऊन बेसिनकडं गेले, पाणी ओतलं आणि नळ सोडला. त्या आवाजाच्या दिशेनं पारूबाईंनी पट्टी बांधलेलं तोंड वळवलं.

"पानी टाकलं व्हय, ताई?"

मी म्हटलं, हो.

"त्येंनी भरल्यालं हुतं."